न आढळल्यास

सरकारी दप्तरखान्यात ज्याने एकतीस वर्षे काढली आहेत, त्याला कागद हरवल्याचे दुःख होत नाही. कागद हरवला तरी कचेरी चालू राहते हे त्याला पहिल्याच वर्षी उमगलेले असते, आणि उरलेली तीस वर्षे ती कशी चालू राहते याचा शिरस्ता शिकण्यात जातात. अर्जदार खिडकीशी ताटकळत उभा आहे, मूळ फेरफाराचा कागद कोणत्या रुमालात बांधला गेला हे ईश्वरालाही ठाऊक नाही आणि वरून साहेबांचा तगादा आहे, अशा वेळी अनुभवी कारकून ‘सदर कागद न आढळल्यास पूर्वीप्रमाणे समजावे’ असा शेरा मारून मोकळा होतो. आणि ते ‘पूर्वीप्रमाणे’ म्हणजे नेमके कसे, हे पूर्वीही कुणाला माहीत नव्हते, याची तो वाच्यता करीत नाही. मी स्वतः असे शेरे किती मारले असतील त्याची गणती नाही. मात्र सेवानिवृत्तीनंतर हाच कारकून संगणकाच्या पेटीत पाय पसरून बसलेला आढळेल आणि माझ्याच कामाच्या कागदावर माझाच शेरा मारील, असे मला कधी वाटले नव्हते.

दृष्टी मी एकाएकी गमावली नाही. काचबिंदूने ती हप्त्याहप्त्याने, एकही हप्ता न चुकवता वसूल केली, आणि शेवटचा हप्ता फिटला तेव्हा मी निवृत्तिवेतन घेऊ लागलो होतो. पुढे आमच्या पेठेतील पतपेढीने मला मानद खजिनदार नेमले. ज्याला पैसे दिसतच नाहीत त्याच्या हाती तिजोरी सर्वांत सुरक्षित, असा सभासदांचा हिशेब असावा. तो मला अपमानास्पद वाटला नाही, कारण बिनव्याजी विश्वास या पतपेढीत दुसऱ्या कुणालाही मिळालेला मी पाहिलेला नाही. संस्थेचे सारे हिशेब संगणकावर होते. सबब मला संगणक शिकणे प्राप्त झाले, आणि संगणक शिकणे म्हणजे स्क्रीन रीडर नावाच्या अदृश्य वाचकाशी संसार मांडणे, हे ओघाने आले.

ज्यांना डोळे आहेत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पडद्यावर जे लिहिलेले असते ते मोठ्याने वाचून दाखवणारी ही आज्ञावली होय. टेड हेन्टर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ मोटारसायकलच्या शर्यती खेळत असत. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, आणि १९८९ साली त्यांच्या संस्थेने जॉज हा वाचक बाजारात आणला. तो उत्तम आहे, परंतु त्याची किंमत ऐकून मला गेलेली दृष्टी परत आल्यासारखे झाले. माझ्याकडचा वाचक निराळा, त्याचे नाव एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहावयास घेतला आणि जेम्स टेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. हे दोघे पोरवयात अंध मुलांच्या एका संगीत-शिबिरात भेटले होते. त्यांचा वाचक फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आमच्या पेठेत जो संशय असतो तो मलाही होता, पण आज इतक्या वर्षांनी सांगतो, की एवढा इमानी नोकर मी पगार देऊनही मिळवला नसता. त्याचा आवाज मात्र जोनाथन डडिंग्टन या इंग्रज गृहस्थांनी घडविलेला, ईस्पीक नावाचा. तो अनेक भाषा बोलतो, त्यांत मराठीही. आणि त्याचे मराठी प्रथम ऐकताना, एखाद्या पत्र्याच्या डब्याची नुकतीच मुंज झाली असून तो पाठ केलेली संध्या एका दमात म्हणून दाखवीत आहे, असा भास होतो. सवयीने त्या डब्याचा लळा लागतो.

अडचण वाचकाची नव्हती, हिशेबाच्या आज्ञावलीची होती. ती ज्याने लिहिली त्या इसमाने पडद्यावर सुरेख चित्रांची बटणे मांडली होती असे आमची सौभाग्यवती सांगते. परंतु एकाही बटणाला नाव म्हणून ठेवले नव्हते. माझा वाचक प्रामाणिक असल्याने तो जे आहे तेवढेच सांगे. मी कळ दाबी. तो म्हणे, ‘बटण.’ पुन्हा दाबी; तो म्हणे, ‘बटण.’ अशी चौदा बटणे होती, आणि त्यांतील एक दाबले असता वर्षाचा हिशेब बंद होत असे. ते नेमके कितवे, हे मोजण्याची पाळी एकदा मार्चअखेर आली तेव्हा माझ्या हाताला जो घाम फुटला तो कळफलकात उतरून दोन कळा कायमच्या चिकटल्या.

माझा धाकटा पुतण्या पुण्यास संगणकाचेच काम करतो. त्याने एका रविवारी येऊन तोड काढली. एनव्हीडीए हा पायथन भाषेत लिहिलेला असल्याने त्याला त्याच भाषेत पुरवणी जोडता येते, तिला ही मंडळी स्क्रिप्ट म्हणतात. अमुक आज्ञावली समोर असेल तेव्हा तमुक बटणापाशी आल्यावर अमके नाव उच्चारावे, एवढी तजवीज तीत करावयाची. परंतु चौदा नावे स्क्रिप्टमध्येच कोंबली, तर उद्या एखादे बदलावयाचे झाल्यास पुण्याहून पुतण्या येईपर्यंत व्याज चढत राहणार. म्हणून त्याने नावांची याद एका निराळ्या साध्या फाईलमध्ये ठेवली, आणि स्क्रिप्टने दर वेळी ती याद उघडून पाहावी असे ठरवले. “काका, ही तुमची फाईल,” तो म्हणाला, “नोटपॅडमध्ये उघडायची, हवं ते नाव लिहायचं, जतन करायचं. स्क्रिप्टला हातसुद्धा लावायचा नाही.”

त्या फाईलची रचना मला पाहताक्षणी, म्हणजे ऐकताक्षणी आवडली. चौकटी कंसात सदराचे नाव, त्याखाली एकेका ओळीवर बाब, मग बरोबरचे चिन्ह, मग मूल्य. ही आमची खतावणीच होती. फक्त बेरीज नव्हती. आणि स्क्रिप्टमधून ती वाचण्याची जी आज्ञा आहे, ती तर मला माझ्या कारकिर्दीतील एखाद्या मसुद्याची आठवण करून देणारी निघाली. जॉजच्या स्क्रिप्टमध्ये हिला आयएनआय-रीड-स्ट्रिंग म्हणतात आणि तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणते सदर, कोणती बाब, फाईलचे नाव, आणि या तिहींच्या मध्येच दडवलेली चौथी, ती बाब न आढळल्यास काय उत्तर द्यावे. पायथनमध्येही हाच जाबता आहे, तेथे त्या चौथीला फॉलबॅक म्हणतात. पुतण्याने हे सांगितले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. ज्याने हा न आढळल्यासचा रकाना प्रथम निर्माण केला तो कुठल्यातरी मामलेदार कचेरीत उमेदवारी करून गेलेला असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे.

“न आढळल्यास काय म्हणू दे, काका?”

“पूर्वीप्रमाणे,” मी म्हणालो.

म्हणजे ‘बटण’. माझ्या पुढच्या सर्व विपत्तींचे मूळ या एका शब्दात आहे.

पुतण्याने नमुन्यादाखल यादीत काही नावे रोमन लिपीत भरून ठेवली होती. त्यामुळे ‘जमा’ या खात्याचा उच्चार वाचक ‘जामा’ असा, पायजम्याच्या धर्तीवर करी. ते मी सोसले. परंतु शिल्लकेचे बटण काही केल्या नाव सांगेना. मी फाईल उघडली. वाचकाने ओळ वाचली: ‘एक हजार चौदा शिल्लक.’ बटणाचा क्रमांक बरोबर, नाव बरोबर. परत हिशेबात जावे तर, ‘बटण.’ पुन्हा फाईलमध्ये यावे तर, ‘एक हजार चौदा शिल्लक.’ ही येरझार मी किती वेळ घातली हे सांगत नाही, कारण सौभाग्यवती हा लेख मला वाचून दाखविण्याची शक्यता आहे. अखेर तीच चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, त्या ओळीच्या आधी टिंब आणि त्याखाली स्वल्पविराम, असं काहीतरी आहे.”

तो अर्धविराम होता. या फाईलींचा दंडक असा की ज्या ओळीच्या आरंभी अर्धविराम असेल ती ओळ यंत्राने वाचू नये; ती माणसांसाठी लिहिलेली टीप समजावी. पुतण्याने ती ओळ नमुना म्हणून अर्धविरामामागे झाकून ठेवली होती. म्हणजे स्क्रिप्ट ती ओळ पाहत होती आणि वाचत नव्हती. मी ती वाचत होतो आणि अर्धविराम ऐकत नव्हतो. आणि दोघेही आपापल्या परीने नियमानुसारच वागत होतो.

मला अर्धविराम का ऐकू आला नाही, याची कैफियत द्यावी लागेल. वाचक नवा होता तेव्हा तो वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक विरामचिन्ह उच्चारी. अग्रलेख ऐकावयास बसावे, तर स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, उद्गारचिन्ह, असा कोर्टातील साक्षीदाराच्या जबानीसारखा मजकूर कानी येई. म्हणून मी विरामचिन्हांचा उच्चार पार बंद करून टाकला होता. एनव्हीडीएमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत: काहीच नाही, थोडी, बरीच आणि सगळी. मी पहिल्या पायरीवर बसलो होतो. गद्य वाचण्यास ती पायरी उत्तम. परंतु कॉन्फिगरेशन फाईल ही विरामचिन्हांनीच बनलेली असते आणि शब्द तीत तोंडी लावण्यापुरते असतात, हे मला तोवर कळले नव्हते. कंस गेले, बरोबर गेले, अर्धविराम गेला. उरली ती एक प्रकारची मुक्तच्छंद कविता.

आता पायरी चढवावयाची, तर त्याला दोन कळांचा उपाय होता. इन्सर्ट आणि पी दाबावे, की काम झाले. परंतु दप्तरखान्यातील माणसाला तोंडी हुकूम रुचत नाही. मूळ कागदावर दुरुस्ती झाली पाहिजे. एनव्हीडीए आपल्या साऱ्या सवयी, म्हणजे बोलण्याचा वेग, आवाजाची पट्टी, काय उच्चारावे आणि काय गिळावे, या सर्वांची नोंद एका तशाच आयएनआय फाईलमध्ये ठेवतो हे मला ठाऊक झाले होते. मी ती उघडली. वाणी या सदराखाली चिन्हांच्या पायरीची बाब होती आणि तिच्यासमोर शून्य होते. सगळी चिन्हे हवी असल्यास तीनशे लिहावे लागते. मी शून्य पुसले, तीनशे लिहिले, फाईल जतन केली, आणि दुरुस्ती अमलात यावी म्हणून वाचकास रीतसर बंद करून पुन्हा सुरू केले. फाईल उघडली. शून्य.

पुन्हा तीनशे लिहिले. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. शून्य. तिसऱ्या वेळी मी पुण्यास फोन लावला.

“काका, तो बंद होताना आपल्या सगळ्या सवयी स्वतःच फाईलमध्ये लिहून ठेवतो. तुम्ही लिहिलेलं तो जाता जाता पुसतो.”

“मग करायचं काय?”

“तो बंद असताना बदला की.”

“अरे, तो बंद असताना मला फाईल कोण वाचून दाखवणार?”

पलीकडे काही क्षण शांतता पसरली. पुण्याच्या माणसाकडून मी एवढी दीर्घ शांतता आजवर ऐकलेली नाही.

माझ्या मते या प्रसंगाचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानी यावयास हवे. चिन्हे ऐकू येत नाहीत, म्हणून फाईल नीट वाचता येत नाही. फाईलमध्ये दुरुस्ती केल्याखेरीज चिन्हे ऐकू येणार नाहीत. वाचक जागा असेल तर तो दुरुस्ती पुसतो आणि निजला असेल तर दुरुस्ती करणाऱ्यास काही दिसत नाही. वेदान्तात आत्म्याला डोळ्यांनी पाहता येत नाही कारण पाहणाराच तो असतो, असे जे सांगतात त्याचा अर्थ मला त्या दिवशी नोटपॅडसमोर लागला.

पुतण्याने यथावकाश मार्ग सांगितला. इन्सर्ट, कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबल्या असता वाचक बंद न होता जतन केलेली फाईल नव्याने वाचतो. “एकदाच दाबा हं, काका. एकदाच.” मी एकदाच दाबले. परंतु वाचक काही बोलला की नाही याबद्दल मला शंका आली, म्हणून पुन्हा दाबले, आणि कचेरीतील सवयीने तिसरी प्रत म्हणून आणखी एकदा. लागोपाठ तीनदा दाबल्यास वाचकाच्या सर्व सवयी पुसून त्याला कारखान्यातून आला तसा करण्याची त्या मंडळींनी व्यवस्था केलेली आहे, आणि ती चोख आहे. माझा पत्र्याचा डबा अंतर्धान पावला. त्याच्या जागी एक अपरिचित इंग्रज आवाज आला. तो मंद, सभ्य गतीने बोलत होता आणि देवनागरी अक्षर समोर येताच, अपरिचित स्त्री समोरून येताना जुने लोक नजर खाली घालीत त्याप्रमाणे मौन धरीत होता. माझे घर उद्ध्वस्त झाल्यासारखे वाटले. ते पुन्हा उभारण्यात दोन दिवस गेले, मात्र त्या दोन दिवसांत विरामचिन्हे आपोआप एक पायरी वर आली, कारण कारखान्याची मूळ पायरी ‘थोडी’ ही आहे. अर्धविराम त्या पायरीवरही ऐकू येत नाही. मग मात्र मी निमूटपणे इन्सर्ट आणि पी दाबले.

याच्या पुढचा अध्याय लिपीचा. ‘जामा’ ऐकून कंटाळल्यावर मी नावे देवनागरीत लिहिण्याचे ठरवले. मराठी पतपेढीच्या हिशेबात रोमन अक्षरे का असावीत, असा बाणेदार विचारही त्यामागे होता. प्रथम दोनच नावे बदलून पाहिली, जमा आणि नावे. फाईल जतन केली, बटणापाशी गेलो, आणि वाचकाने असा काही ध्वनी काढला की शेजारच्या खोलीतून सौभाग्यवतीने “काय पडलं?” म्हणून विचारले. पुतण्याला पडद्याचे चित्र पाठवले, तेव्हा उलगडा झाला. देवनागरीचे एकेक अक्षर यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीने साठवताना त्याचे तीन तुकडे होतात. नोटपॅडने माझी नावे त्या पद्धतीने जतन केली होती. परंतु पुतण्याने स्क्रिप्टला पद्धत कोणती हे सांगितले नव्हते, आणि पायथनला सांगितले नाही तर तो विंडोजच्या शिरस्त्याप्रमाणे, म्हणजे आमच्या यंत्रावर पश्चिम युरोपच्या १२५२ क्रमांकाच्या वर्णमालेप्रमाणे, प्रत्येक तुकडा हे स्वतंत्र अक्षर समजून वाचतो.

आता चमत्कार ऐका. अक्षराच्या तीन तुकड्यांपैकी पहिला युरोपात उलटी मात्रा दिलेला ‘ए’ होतो. दुसरा तुकडा, साध्या अक्षरांच्या बाबतीत, ‘चलन’ या अर्थाचे सर्वसाधारण चिन्ह होतो. आणि एकमात्रा, दीर्घ ईकार, पायमोडके अक्षर वगैरे जी मंडळी वर्णमालेत मागाहून येतात, त्यांच्या बाबतीत तो जपानचा येन होतो. तिसरा तुकडा ज्याचा त्याचा निराळा. काना लिहिला की त्याच्या वाट्याला पाऊण येतो. दीर्घ ईकार लिहिला की येनाच्या शेजारी युरो येऊन बसतो. त्यामुळे ‘जमा’ हे खाते तीन वेळा चलन आणि शेवटी पाऊण असे दिसू लागले, आणि ‘नावे’ या खात्याच्या शेवटी येन आणि त्यापुढे एक दुहेरी कट्यार. कर्जदाराच्या नावे रक्कम पडली म्हणजे त्याच्या उरात जे होते त्याचे इतके यथार्थ चिन्ह आमच्या पूर्वजांनाही सुचले नव्हते. एका परीने यंत्राने पतपेढीचे मर्म ओळखले होते, असे मी अध्यक्षमहाशयांस सांगितले. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतले आणि परकीय चलनाचा व्यवहार आपल्या पोटनियमांत बसत नाही अशी हरकत नोंदवली.

पुतण्या दुरुस्ती पाठवणार होता, पण मला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी मी यादीतील उरलेली नावेही मराठीत लिहून काढली, आणि खतावणी आहे म्हटल्यावर पहिल्या ओळीवर, अर्धविरामामागे का होईना, श्रीकार घातला. झाले. चौदाच्या चौदा बटणे मुकी. जमा आणि नावे यांची कट्यारीसह असलेली नावेही गेली. जिकडे जावे तिकडे ‘बटण’.

कारण मागाहून कळले, आणि ते ऐकून माझे मन थेट बिगरीच्या वर्गात गेले. त्या पश्चिम युरोपीय वर्णमालेत काही घरे रिकामी आहेत. त्या क्रमांकांना तेथे अक्षरच नेमलेले नाही. पायमोडक्या अक्षराचा तिसरा तुकडा नेमका एका रिकाम्या घरात पडतो. पहिला उकार दुसऱ्या रिकाम्या घरात. झबल्यातला झ तिसऱ्या. एडक्यातला ए चौथ्या. म्हणजे जमा, नावे, खाते येथपर्यंत यंत्राची गाडी चुकतमाकत का होईना चालते. आणि शिल्लक, व्याज, मुद्दल, हप्ता असे एखादे जोडाक्षर आले की ती जागच्या जागी बसते. आमच्या गुरुजींनी याच अपराधासाठी आमच्या तळहातांवर छड्या मारल्या होत्या. अर्धविरामामागे टीप म्हणून लिहिले तरी सुटका नाही, कारण ओळ टीप आहे की मजकूर हे ठरवण्याआधी तिची अक्षरे लागावी लागतात. म्हणून ‘श्री’ या पहिल्याच शब्दावर सगळी फाईल नामंजूर झाली. आरंभी श्री लिहिल्यामुळे कार्य बिघडल्याचे उदाहरण धर्मशास्त्रात असल्याचे मला ठाऊक नाही.

पण मला खरा राग जोडाक्षराचा आला नाही. यंत्र अडखळले, तर अडखळलो म्हणून त्याने सांगावयास हवे होते. पायथन सांगतोही, अमुक स्थानी अमुक तुकडा मला लागत नाही, असा खणखणीत निरोप तो देतो. तो निरोप मधल्यामध्ये गिळला होता पुतण्याने. कोणतीही चूक झाली तरी गप्प राहून पुढे जावे, अशी एक ओळ त्याने स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली होती, “तुम्हाला उगीच इंग्रजी चुका ऐकाव्या लागू नयेत म्हणून, काका.” आणि चूक झाल्यावर पुढे काय म्हणावयाचे, तर तो न आढळल्यासचा रकाना तयारच होता, त्यात माझाच शब्द लिहिलेला होता.

त्यानंतर मी ही व्यवस्था नीट तपासली, आणि न आढळल्यासचा कारभार माझ्या कल्पनेपेक्षा किती लांबवर पसरलेला आहे ते पाहून थक्क झालो. सदर सापडले नाही, तरी ‘बटण’. बाब सापडली नाही, तरी ‘बटण’. इतकेच कशाला, पायथनची ती याद वाचणारी आज्ञा फाईलच जागेवर नसली तरी तक्रार करीत नाही. कोणकोणत्या फाईली वाचल्या त्यांची यादी ती मुकाट्याने हातात ठेवते, आणि ती यादी रिकामी आहे हे पाहण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर. एकदा नोटपॅडने माझ्या फाईलच्या नावामागे आपले टीएक्सटी हे शेपूट लावले, विंडोजने ते शेपूट शिष्टाचार म्हणून लपवले, आणि आठवडाभर स्क्रिप्ट रोज त्या नसलेल्या फाईलच्या दारात जाऊन, कुणी नाही असे पाहून, हूं की चूं न करता परत येत होती. आमच्या कचेरीतला जुना पट्टेवाला समन्स बजावण्यास असाच जात असे.

टक्क्याच्या चिन्हाची गोष्ट थोडक्यात सांगतो. एका बटणाला मी ‘व्याज ९%’ असे नाव दिले. पायथनची ही याद टक्क्याच्या चिन्हाला विशेष मान देते. त्याच्यापुढे काहीतरी गूढ मजकूर येणार अशी तिची अपेक्षा असते, आणि तो न आल्यास ती ती बाब नाकारते. उपाय असा की टक्का दोनदा लिहावा, म्हणजे तो एकदा वाचला जातो. मी लिहिला; परंतु लिहिताना, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० अन्वये टक्का दोनदा आकारणाऱ्या खजिनदाराचे काय होते, याची आठवण होऊन क्षणभर हात थबकला.

एका रविवारी पुतण्या पुन्हा आला. त्याने यूटीएफ-८ ची पद्धत स्क्रिप्टला स्पष्ट शब्दांत सांगितली, जुन्या यंत्रावरचे नोटपॅड फाईलच्या आरंभी जी तीन अदृश्य चिन्हे ठेवून देते ती दुर्लक्षावीत अशीही तरतूद केली, आणि चुका गिळणारी ती ओळ माझ्यासमोर, माझ्या आग्रहावरून, मोठ्याने वाचून मग पुसली. श्रीकार परत आला. जोडाक्षरे सुरळीत झाली. शिल्लकेच्या बटणावर डब्याने इतक्या स्पष्टपणे ‘शिल्लक’ म्हटले की माझे डोळे भरून आले. ते काम ते अजून करतात.

उठता उठता त्याने विचारले, “काका, आणि न आढळल्यास? आता काय लिहू? पूर्वीप्रमाणेच?”

मी म्हणालो, बैस, मसुदा घे. आणि एकतीस वर्षे जे वाक्य मी टाळत आलो ते त्याला सावकाश सांगितले. त्याने ते मुकाट्याने उतरवून घेतले. फक्त ‘सदर’ ऱ्हस्व की दीर्घ, असे विचारून, त्यात तसे काही नसल्याचे त्याच्या लक्षात आले तेव्हा तो हसला.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत गेलो. जमा, नावे, खाते, मुद्दल, हप्ता, सारी बटणे आपापली नावे सांगत ओळीने उभी राहिली. तेरा झाली. चौदाव्यापाशी आलो, तो डब्याने संध्येचा वेग सोडला नाही, पण शब्द खणखणीत उच्चारले: ‘सदर बटणाचे नाव दप्तरी आढळून येत नाही. तरी शहानिशा केल्याशिवाय ते दाबू नये.’

आमचा शिपाई फडके मारीत होता, तो थांबला. “कोणतं बटण ते, साहेब?”

“डावीकडून शेवटचं. त्याच्यावर चित्र कशाचं आहे, बघ.”

त्याने वाकून पाहिले. “कशाचंच नाही. मी इथं नऊ वर्षं आहे साहेब, ते कुणी दाबलेलं मी पाहिलेलं नाही.”

मी पुढे जाऊन परत त्यावर आलो. डब्याने ते वाक्य पहिल्याइतक्याच अदबीने पुन्हा म्हटले. यादीत त्या बटणासाठी मी अद्याप काही लिहिलेले नाही.